एका लिटर इथेनॉलचा माग: द्रव जैवइंधन टिकाऊ आहे का, हे पहिल्यांदाच तपासणाऱ्यांसाठी

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून पाहण्याचे सरकारी प्रयोग आपल्याकडे २००१ मध्ये झाले. ठिकाणं तीन, त्यातली दोन महाराष्ट्रातली: मिरज आणि मनमाड. पुढे एप्रिल २०१६ मध्ये त्याच मिरजेहून लातूरला पिण्याच्या पाण्याची रेल्वे धावली, आणि त्या हंगामात मराठवाड्यातल्या कारखान्यांनी ऊसही गाळला होता. जैवइंधन पर्यावरणाला आणि माणसांना झेपणारं आहे का, असं कोणी विचारलं की मला मिरजेचं स्टेशन आठवतं. इंधनाचा हिशोब करणाऱ्याने पाण्याची गाडीही पाहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

हा लेख अशा कामात नव्याने शिरणाऱ्यांसाठी आहे: पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी, गावातले कार्यकर्ते, पत्रकार, एखाद्या कंपनीत पहिल्यांदाच हा विषय अंगावर आलेले तरुण. उदाहरण महाराष्ट्रातल्या उसाच्या इथेनॉलचं घेतलं आहे, कारण त्याची साखळी आपल्या डोळ्यांसमोर आहे. बायोडिझेल, वापरलेलं खाद्यतेल किंवा भाताच्या पेंढ्यापासूनचं इथेनॉल असलं तरी पायऱ्या याच राहतात, फक्त वजन इकडचं तिकडे सरकतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. कार्बन, पाणी आणि मजूर यांना वेगवेगळे गुण देऊन शेवटी त्यांची सरासरी काढायची नाही. हवेत कमी कार्बन गेला म्हणून उसाच्या फडात राबणाऱ्या बाईच्या पाठीचं दुखणं वजा होत नाही. ही खाती वेगळीच लिहायची असतात.

पायरी १: प्रश्न लहान करा

"इथेनॉल चांगलं की वाईट?" या प्रश्नाला उत्तर नाही. "अमुक कारखान्यात, बी-हेवी मळीपासून, अमुक हंगामात तयार झालेलं इथेनॉल" असा प्रश्न घेतला तर उत्तर शोधता येतं. उसापासूनचं इथेनॉल तीन वाटांनी येतं. साखर पूर्ण काढून उरलेल्या सी-हेवी मळीपासून टनामागे दहा-अकरा लिटर मिळतं. थोडी साखर मळीत राहू दिली की बी-हेवी, त्यात साधारण दुप्पट. आणि साखर न करता थेट रसापासून केलं तर टनामागे ७० लिटरच्या आसपास. मका आणि तुटका तांदूळ या वाटा आणखी वेगळ्या. आज कित्येक डिस्टिलऱ्या हंगामात उसावर आणि हंगाम सरला की धान्यावर चालतात, म्हणून एकाच गेटमधून बाहेर पडणाऱ्या टँकरांचा इतिहास एक नसतो. पहिल्याच भेटीत विचारा: कोणत्या महिन्यात काय वापरलं?

तुलना लिटरशी लिटर कधीच करू नका. एका लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१.२ मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये सुमारे ३२. म्हणजे इथेनॉलच्या दीड लिटरने पेट्रोलच्या एका लिटरचं काम होतं. २० टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा पावणेसात टक्के ऊर्जा कमी भरते, हेही यावरूनच निघतं. कागदावर करून पाहा. म्हणून सगळे आकडे "दर मेगाज्यूलमागे" आणा. नवखे इथेच घसरतात, आणि पुढचा सगळा अहवाल चुकीच्या पायावर उभा राहतो.

पायरी २: साखळी कागदावर काढा

मोठा कागद घ्या. डावीकडे शेत, उजवीकडे पंप. मध्ये बेणं, खत, पाणी, तोडणी, वाहतूक, गाळप, किण्वन, ऊर्ध्वपातन, टँकर, तेल कंपनीचा डेपो. प्रत्येक टप्प्यावर दोन बाण: आत काय येतं, बाहेर काय पडतं. बगॅस (रस काढून उरलेलं चिपाड), प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), स्पेंटवॉश (इथेनॉल काढून उरलेलं सांडपाणी), राख, वाढे, पाचट, सगळं लिहा.

इथे एक अवघड निर्णय येतो. उसापासून साखर झाली, मळी झाली, बगॅसपासून वीज झाली. मग शेतातल्या खताचा, डिझेलचा आणि पाण्याचा बोजा कोणाच्या खात्यावर टाकायचा? मळीला टाकाऊ मानलं तर इथेनॉल जवळजवळ निष्पाप ठरतं. मळीला माल मानलं, आणि तिला दर मिळतो म्हणजे ती माल आहेच, तर तिच्या वाट्याचा ऊस तिला उचलावा लागतो. वाटणी वजनाने, ऊर्जेने किंवा किमतीने करता येते. युरोपीय संघाचे नियम ऊर्जेने करतात. पद्धत कोणतीही घ्या, पण दोन पद्धतींनी हिशोब करा आणि दोन्ही उत्तरं छापा. ती एकमेकांपासून लांब असतील तर वाचकाला तसं कळायला हवं. एकच आकडा देणाऱ्या अहवालात मी सर्वात आधी वाटणीचं पान उघडतो.

पायरी ३: जमिनीचा मागचा इतिहास

जगभर या विषयावर सर्वात मोठं वादळ जमिनीवरून उठलं. २००८ मध्ये "सायन्स" या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की इंडोनेशिया-मलेशियातली दलदलीची जंगलं तोडून पाम लावला आणि त्याचं बायोडिझेल केलं, तर जंगल नि मातीतून सुटलेला कार्बन भरून निघायला सुमारे ४२३ वर्षं लागतील. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासाने अप्रत्यक्ष बदलाचा मुद्दा आणला: अमेरिकेतला मका इंधनात गेला की धान्याची ती कमतरता भरायला दुसऱ्याच देशात रान मोडलं जातं. या वादानंतर आलेल्या युरोपीय नियमांत जानेवारी २००८ ही सीमारेषा आहे. त्यानंतर जंगल, पाणथळ किंवा दलदल मोडून केलेल्या शेतातला कच्चा माल तिथे मोजला जात नाही.

महाराष्ट्रात उसाने जंगल फारसं खाल्लेलं नाही. त्याने जागा घेतली ती ज्वारीची, तुरीची, हरभऱ्याची. हे तपासायला आपल्याकडे फार चांगलं साधन आहे: सातबारा. गाव नमुना बारावर वर्षागणिक पिकाची नोंद असते. अलीकडच्या वर्षांसाठी ई-पीक पाहणी आहे. पंचवीस-तीस गटांचे जुने-नवे उतारे काढा आणि कारखाना येण्याआधी तिथे काय होतं ते मांडा. जोडीला उपग्रहाची जुनी चित्रं पाहा. नोंदी आणि चित्रं जुळली नाहीत तर बांधावर जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारा.

सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी आणखी एक गोष्ट पाहायची, क्षारपड जमीन. वर्षानुवर्षं पाट भरून पाणी दिलं, निचरा नाही, म्हणून पांढरी पडलेली रानं. जमीन "वापरली" गेली, एवढ्याने भागत नाही. ती पुढच्या पिढीला पिकणार आहे का, हेही टिकाऊपणात येतं.

आणि "पडीक जमीन" हा शब्द दिसला की थांबा. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या अहवालाने मोगली एरंडाचं (जट्रोफाचं) बायोडिझेल पडीक जमिनीवर घ्यायचं, २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिसळायचं, असं स्वप्न मांडलं. खडकाळ रानात बी आलं नाही, आणि ज्याला पडीक म्हटलं होतं त्यातलं बरंच गायरान होतं, शेळ्या-मेंढ्यांचं चराऊ रान. सरकारी नोंदीत पडीक असलेल्या जमिनीवर कोण चरतं, कोण सरपण आणतं, हे गावात दोन दिवस राहिल्याशिवाय कळत नाही.

पायरी ४: कार्बनचा हिशोब हाताने करून पाहा

तयार सॉफ्टवेअर नंतर घ्या. आधी एक तुकडा हाताने सोडवा, म्हणजे कुठला आकडा जड आहे ते अंगवळणी पडतं.

सुरू उसाला, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या उसाला, हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. सगळं युरियातून दिलं तर ४५ किलोच्या बारा गोण्या. मातीत पडलेल्या नत्रापैकी सुमारे १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातं, असं आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीचा, ढोबळ गुणांक सांगतो. २५० किलोचा १ टक्का म्हणजे अडीच किलो नत्र. त्याला ४४ भागिले २८ ने (वायूचं वजन भागिले त्यातल्या नत्राचं वजन) गुणलं की ३.९ किलो वायू. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, म्हणजे जवळपास १,०७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. आता हेक्टरी ८० टन ऊस आणि रसापासून टनाला ७० लिटर धरा: ५,६०० लिटर, १ लाख १९ हजार मेगाज्यूल. भागाकार केला की मेगाज्यूलमागे ९ ग्रॅम.

युरोपीय नियमांत खनिज इंधनासाठी ९४ ग्रॅम धरतात. म्हणजे नुसत्या खताच्या एका वायूने जवळपास दहावा हिस्सा खाल्ला, अजून युरिया तयार करण्याची ऊर्जा, पाण्याच्या मोटारीची वीज, ट्रॅक्टर, बॉयलर बाकीच आहेत. त्याच शेतात उत्पादन ६० टनांवर आलं आणि खत तेवढंच राहिलं, तर ९ चे १२ होतात. खोडव्यावर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक) घेतलेल्या रानात नेमकं हेच घडतं. तेव्हा कारखान्याच्या सरासरीवर विसंबू नका. लागण आणि खोडवा वेगळे मोजा.

उरलेल्या नोंदींत तीन जागा लक्षपूर्वक पाहायच्या. बॉयलरमध्ये काय जळतं: बगॅस असेल तर हिशोब हलका, कोळसा असेल तर जड. धान्यावर चालणाऱ्या डिस्टिलरीकडे स्वतःचं बगॅस नसतं, म्हणून कोळशाचं खरेदी रजिस्टर मागा. दुसरी जागा स्पेंटवॉश: उघड्या खड्ड्यात सडला तर मिथेन सुटतो, बंद टाकीत धरला तर तोच बायोगॅस होतो. तिसरी पाचट, जाळलं की कुजवलं. पिकाने हवेतून घेतलेला आणि किण्वनात, इंजिनात परत गेलेला कार्बन शून्य धरतात, तो पुन्हा मोजायचा नाही. पण हे शून्य धरणं तेव्हाच योग्य, जेव्हा जमिनीचा इतिहास स्वच्छ असतो. म्हणून तिसरी पायरी आधी.

युरोपात २०२१ नंतर सुरू झालेल्या प्रकल्पांना खनिज इंधनाच्या तुलनेत किमान ६५ टक्के बचत दाखवावी लागते. आपल्या हिशोबाला एक काठी म्हणून हा आकडा जवळ ठेवायला हरकत नाही.

पायरी ५: पाणी

इथे घाई करू नका. महाराष्ट्रात उसाच्या इथेनॉलचा सर्वात कठीण प्रश्न हाच आहे, आणि कार्बनच्या चकचकीत तक्त्यामागे तो सहज लपतो.

नीती आयोग आणि पेट्रोलियम मंत्रालयाच्या २०२१ मधल्या आराखड्यातच म्हटलं आहे, की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. असा आकडा पुढे ढकलण्याआधी तपासा. टनाला ७० लिटर, म्हणजे टनाला २ लाख लिटर पाणी. हेक्टरी ८० टनांना १ कोटी ६० लाख लिटर. ते एक हेक्टरवर पसरलं तर १६० सेंटीमीटर उंचीचं पाणी होतं. पाट भरून देणाऱ्या बागायतदाराला विचारा, तो मान हलवेल. पटण्यासारखा आकडा आहे.

पण त्यातलं किती पावसाचं आणि किती धरणाचं किंवा विहिरीचं? कोल्हापूरच्या पश्चिमेकडे आणि सोलापूर-उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) पट्ट्यात याचं उत्तर अगदी वेगळं येतं. इंधन तेच, लिटर तोच, एका ठिकाणी पावसावर बराचसा भार, दुसरीकडे उजनीच्या पाण्यावर किंवा चारशे-पाचशे फुटांच्या बोअरवर. म्हणून पाण्याचा आकडा स्थळाशिवाय लिहायचा नाही.

शेतावर मोजायची साधी रीत सांगतो. २०० लिटरचं पिंप मोटारीच्या तोंडाशी धरा. २५ सेकंदांत भरलं तर सेकंदाला ८ लिटर. आठ तास वीज असली तर २ लाख ३० हजार लिटर. एका एकरावर पसरलं तर साडेपाच सेंटीमीटरच्या थोडं वर. अशा अठ्ठावीस पाळ्या झाल्या की वरचे १६० सेंटीमीटर पुरे होतात. शेतकऱ्याला वर्षात किती पाळ्या दिल्या ते तोंडपाठ असतं. ठिबकवाल्याकडे हेच तासांत विचारा. दहा शेतांत फिरलात की तुमच्या हातात असा आकडा असेल, जो कुठल्याही कार्यालयात बसून मिळत नाही.

मग पाणलोटाची स्थिती पाहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाणलोटांची वर्गवारी करते, सुरक्षितपासून अतिशोषितपर्यंत. अतिशोषित पाणलोटातून येणारा ऊस किती टक्के, हे एकच वाक्य अहवालात घातलंत तरी मोठं काम झालं. शेवटी उन्हाळ्यात परत या आणि त्याच गावांतल्या प्यायच्या पाण्याचे टँकर मोजा. राज्यात पिकाखालच्या जमिनीचा अगदी लहान भाग व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्यातला फार मोठा वाटा घेतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच तालुक्यात बायका हंडे घेऊन उभ्या असतील तर ते तुमच्या तक्त्यात यायलाच हवं.

पायरी ६: डिस्टिलरीच्या मागच्या बाजूला

पुढच्या गेटवर बाग असते. तुम्ही मागे जा. मळीपासून एक लिटर इथेनॉल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो, तपकिरी, आंबूस, ऑक्सिजन शोषणारा. दिवसाला ६० हजार लिटर इथेनॉल करणाऱ्या कारखान्यात दहा पटीने धरलं तर ६ लाख लिटर, दहा हजार लिटरचे साठ टँकर, रोज. नियमाप्रमाणे यातला थेंबही बाहेर जाता कामा नये. तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करतात. तेव्हा विचारायचं एवढंच: साठातले किती टँकर कुठल्या वाटेने गेले? पावसाळ्यात कंपोस्ट यार्ड चालत नाही, तेव्हा कुठे साठवलं?

प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आणि पर्यावरण मंजुरीची कागदपत्रं मागा. मंजुरीची केंद्र सरकारच्या "परिवेश" संकेतस्थळावर पाहता येतात. मग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींचे नमुने घ्या. स्पेंटवॉशमध्ये पोटॅशियम भरपूर असतं. खालच्या विहिरीत ते वरच्यापेक्षा ठळक जास्त आलं, तर माग लागला समजा. पाण्याचा रंग आणि वास यांवर मत बनवू नका, प्रयोगशाळेचा कागद घ्या.

पायरी ७: माणसं

या पायरीला अहवालात शेवटची दोन पानं मिळतात, ही या क्षेत्रातली मला सर्वात खुपणारी गोष्ट आहे. निम्मा वेळ इथे द्या.

महाराष्ट्रातला बराचसा ऊस बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्या तोडतात. मोजमापाचं एकक आहे "कोयता", आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, दसऱ्यानंतर टोळी निघते, पाडव्याच्या सुमाराला परतते. आजारपणाने किंवा बाळंतपणाने दिवस बुडाला तर खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. ही व्यवस्था समजून न घेता आंतरराष्ट्रीय प्रश्नावली घेऊन गेलात, तर "तुम्हाला नेमणूकपत्र आहे का?" असा प्रश्न विचाराल आणि उत्तराची जागा रिकामी राहील.

आकड्यांपासून सुरुवात करा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला ३६६ रुपये. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरा: ७३२ रुपये, दोघांत, पहाटे चारपासून अंधार पडेपर्यंत. टनाला ७० लिटरने भागलं तर रसाच्या इथेनॉलच्या एका लिटरमागे तोडणाऱ्या जोडीच्या वाट्याला ५ रुपये २३ पैसे. त्या हंगामात तेल कंपन्या या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे देत होत्या. हा भागाकार मी दर प्रशिक्षणात फळ्यावर करून दाखवतो. नंतर पुढचे प्रश्न आपोआप सुचतात: त्या पाच रुपयांतून उचल किती फिटली, मुकादमाचं कमिशन कुठून गेलं, हंगाम संपल्यावर किती कोयते कर्जातच परतले? आणि बाईच्या हातात, तिच्या नावावर किती आले? एकक जोडी असल्यामुळे बाईची मजुरी कुठल्याच कागदावर वेगळी दिसत नाही. तुमच्या तक्त्यात तिच्यासाठी वेगळा रकाना करा.

२०१९ मध्ये राज्यात नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्याची जी पाहणी आली, तिच्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी जवळपास १४ हजार जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, फडात शौचालय नाही, पाणी नाही, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं. हे लिहिताना हात जड होतो. पण इंधनाच्या टिकाऊपणाच्या अहवालात याची जागा आहे, परिशिष्टात नव्हे, मुख्य मजकुरात.

माहिती कशी घ्यायची? मुकादमासमोर कधीच नाही. एका फडावर मी पहिल्या दिवशी मुकादम उभा असताना बोललो, तेव्हा सगळं "बरं चाललंय" होतं. तिसऱ्या संध्याकाळी कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर गेलो, सोबतच्या बाई चुलीपाशी बसल्या, तेव्हा खरं बोलणं सुरू झालं. बायकांशी बाईनेच बोलावं. नावं लिहू नका, फोटो काढू नका, टोळीची ओळख पटेल असा तपशील अहवालात येऊ देऊ नका. पुढच्या वर्षीची उचल त्यांना त्याच माणसाकडून घ्यायची असते. पाहायच्या गोष्टी: कोप्यांजवळ पाणी आहे का, उजेड आहे का, मुलं साखरशाळेत आहेत की फडात, गावी हंगामी वसतिगृह होतं का, सर्पदंश किंवा अपघात झाला तेव्हा दवाखान्याचा खर्च कोणी केला. यंत्राने तोडणी होत असेल तर त्याच टोळीला पर्यायी काम मिळालं का, तेही विचारा. हार्वेस्टर आला म्हणजे प्रश्न मिटला, असं समजू नका.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहायचं ते थोडक्यात: एफआरपीचे (केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचे) पैसे कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत मिळाले का, तोडणी-वाहतुकीची कपात किती, आणि इथेनॉलच्या उत्पन्नातला वाटा त्याच्यापर्यंत पोचला का. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हाती लवकर पैसा येतो आणि थकबाकी कमी होते, असा या कार्यक्रमाचा मोठा दावा आहे. त्यात तथ्य आहे, आणि ज्याच्या ऊसबिलाला पूर्वी वर्ष लागायचं त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. तुमच्या कारखान्यात ते घडलं का, हे बँकेच्या नोंदींवरून पाहा.

पायरी ८: ताट आणि दावण

२०२३ चा पाऊस हुकला, तेव्हा ७ डिसेंबरला केंद्राने उसाचा रस इथेनॉलकडे वळवण्यावर बंदी घातली आणि आठवडाभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत वळवायला परवानगी दिली. अन्न आणि इंधन यांची ओढाताण इतकी उघड क्वचितच दिसते. मग भार मक्यावर गेला. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनहून मका आणू लागला. कोंबडीवाल्यांचं खाद्य महागलं. दुसऱ्या टोकाला धान्याच्या डिस्टिलरीतून निघणारा प्रथिनयुक्त चोथा स्वस्त पडतो, म्हणून पशुखाद्यात तो सोयाबीन पेंडीशी स्पर्धा करतो, आणि त्याची झळ लातूरच्या सोयाबीनवाल्याला बसते. कारखान्याच्या हद्दीत राहून हे दिसणार नाही. आपल्या अभ्यासात निदान तीन वर्षांचे स्थानिक बाजार समितीचे भाव जोडा: मका, ज्वारी, सोयाबीन, कडबा.

पायरी ९: तयार चौकटी कधी घ्यायच्या

हे सगळं पाहून झाल्यावर तयार निकष उघडा, आधी नको. ग्लोबल बायोएनर्जी पार्टनरशिपने २०११ मध्ये २४ निर्देशक दिले, पर्यावरण, समाज आणि अर्थ यांचे आठ-आठ. देशपातळीवरच्या अभ्यासाला ते चांगले. आयएसओ १३०६५ हे जैवऊर्जेच्या निकषांचं मानक, जीवनचक्र हिशोबासाठी १४०४० आणि १४०४४. प्रमाणपत्रांच्या योजनांत उसापुरतं बोनसुक्रो, युरोपला माल पाठवायचा असेल तर आयएससीसी, आणि समाजाच्या अंगाने अधिक कडक हवं असेल तर आरएसबी. प्रमाणपत्र असलं तरी लेखापरीक्षक कोणत्या महिन्यात आला ते पाहा. जुलैत आलेल्या माणसाला फडात टोळी दिसलेली नसते.

पायरी १०: लिहिणं

चार खाती चार पानांवर: जमीन व कार्बन, पाणी, प्रदूषण, माणसं. प्रत्येक आकड्यासमोर तो मोजला, कागदावरून घेतला की गृहीत धरला, ते लिहा. ओलांडता न येणाऱ्या रेषा सुरुवातीलाच जाहीर करा. माझ्या यादीत अतिशोषित पाणलोटातला नवा ऊस, बाहेर सोडलेला स्पेंटवॉश आणि वेठीसारखी उचल या तीन आहेत. यातली एक जरी ओलांडली गेली, तर मेगाज्यूलमागे कितीही ग्रॅम वाचले तरी मी त्या इंधनाला टिकाऊ म्हणत नाही. तुमची यादी वेगळी असू शकेल, पण ती निकाल हाती येण्याआधी ठरलेली असावी.

अहवाल इंग्रजीत मागितला असला तरी दोन पानं मराठीत करा आणि ज्यांनी माहिती दिली त्यांच्या गावी जाऊन वाचून दाखवा. टोळ्या पाडव्याच्या सुमाराला घरी पोचतात आणि पावसाळ्यात पुढच्या हंगामाची उचल ठरते. मधले एप्रिल आणि मे हे दोन महिने त्यासाठी राखून ठेवा.